ल शांबों: आसरा देणाऱ्या एका फ्रेंच गावाची घडण

१९४०-४१ च्या हिवाळ्यात आंद्रे त्रोकमे नावाचे एक प्रोटेस्टंट पाद्री मार्सेय शहरात बर्न्स चॅमर्स या अमेरिकन क्वेकर, म्हणजे युद्धाला विरोध करणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाच्या, कार्यकर्त्याला भेटायला गेले. जून १९४० मध्ये फ्रान्सनं जर्मनीपुढे हार पत्करली होती. उत्तरेत जर्मन सैन्य आणि दक्षिणेत मार्शल पेतां यांचं, जर्मनीशी जुळवून घेणारं व्हिशी सरकार, अशी देशाची वाटणी झाली होती. ऑक्टोबरमध्ये व्हिशी सरकारनं ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून हुसकावणारा कायदा केला आणि परदेशी ज्यूंना छावण्यांत डांबण्याचे अधिकार जिल्ह्याच्या प्रमुख अधिकाऱ्याला, म्हणजे प्रिफेक्टला, दिले. त्याच महिन्यात जर्मनीच्या बाडेन आणि फाल्त्स भागांतून सुमारे ६,५०० ज्यू माणसं आगगाड्यांत भरून पिरेनीज डोंगराच्या पायथ्याशी, ग्युर्सच्या छावणीत आणून टाकली गेली. घोटाभर चिखल, गळकी लाकडी छपरं, उपासमार आणि रोगराई असं तिथलं चित्र होतं.

त्रोकमे यांची तयारी होती की आपण स्वतः छावणीत जाऊन काम करावं. चॅमर्स यांचं म्हणणं वेगळं पडलं. छावणीत काम करायला माणसं मिळतात, खटपट करून मुलांना आणि काही मोठ्यांना बाहेरही काढता येतं. पण बाहेर काढल्यावर त्यांना ठेवून घ्यायला एकही गाव तयार होत नाही. तुमचं गाव तयार होईल का, असा त्यांचा प्रश्न होता. त्रोकमे परत आले, चर्चच्या पंचमंडळापुढे त्यांनी विषय ठेवला, आणि पंचांनी होकार दिला. पैसा आणि शिधा क्वेकरांनी पाहायचा, गावानं घरं द्यायची, असं ठरलं.

हे गाव म्हणजे ल शांबों-स्युर-लिन्यों. पुढच्या चार वर्षांत या गावानं आणि भोवतीच्या पठारानं हजारो माणसांना, त्यांत बहुसंख्य ज्यूंना, आसरा दिला. ही हकीकत सांगताना 'देवमाणसांचं गाव' असं म्हणून हात जोडण्याची पद्धत पडली आहे. त्या आदराबद्दल माझी तक्रार नाही. पण नुसते हात जोडले की ते कसं घडलं, हे पाहायचं राहून जातं. एका गावानं एकदम 'हो' म्हणण्यामागे काय काय आधीपासून तयार होतं, आणि 'हो' म्हटल्यावर ते निभावलं कसं, एवढंच या प्रकरणात पाहायचं आहे.

पठार आणि त्याची आठवण

ल शांबों समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंचीवर आहे. ओत-ल्वार जिल्ह्याचा हा पूर्वेकडचा कोपरा. पलीकडे लगेच आर्देश जिल्हा लागतो. लिन्यों नदी गावातून वाहते. काळ्या-करड्या दगडांची घरं, पातळ दगडी पाट्यांची छपरं, गोठा आणि राहतं घर एकाच छपराखाली. राय, बटाटे, गाई हा शेतीचा जम. हिवाळ्यात 'बुर्ल' नावाचा बोचरा उत्तरेचा वारा बर्फाचे ढिगारे रस्त्यावर रचतो आणि वाड्या दिवसचे दिवस तुटून पडतात. युद्धकाळात आजूबाजूच्या वाड्या धरून गावाची वस्ती तीन हजारांच्या आसपास होती. मूळ गावठाण लहान. बाकीची घरं रानात, शेतात विखुरलेली.

कॅथलिक फ्रान्समध्ये हे पठार प्रोटेस्टंट, आणि तेही सोळाव्या शतकापासून. १५९८ च्या नांतच्या फर्मानानं प्रोटेस्टंटांना धर्मस्वातंत्र्य मिळालं. १६८५ मध्ये चौदाव्या लुईनं ते काढून घेतलं. त्यानंतर शंभर वर्षं हा धर्म पाळणं हाच गुन्हा ठरला. प्रार्थनाघरं पाडली गेली. पाद्री सापडला तर फाशी, सभेला गेलेला पुरुष सापडला तर राजाच्या जहाजांवर वल्ही मारायची सजा, बाईला तुरुंग. घरांत घोडदळाचे शिपाई आणून बसवले जात, घरमालक धर्म सोडीपर्यंत. मुलं आईबापांपासून तोडून मठांत कॅथलिक शिक्षणासाठी नेली जात. याच विव्हारे भागातली मारी द्युरां ही बाई १७३० मध्ये एग-मोर्तच्या बुरुजात कोंडली गेली आणि १७६८ मध्ये, ३८ वर्षांनी, सुटली. धर्म सोडते एवढं म्हटलं असतं तर ती कधीच बाहेर आली असती. १७८७ च्या फर्मानानं हा छळ संपला.

त्या शंभर वर्षांत लोक रानात, दऱ्यांत रात्री जमून प्रार्थना करत. वेश पालटून फिरणारा पाद्री आज या वाडीवर, उद्या त्या वाडीवर लपवला जाई. विचारायला शिपाई आले की काय बोलायचं आणि मुख्य म्हणजे काय बोलायचं नाही, हे घराघरांत मुलांना शिकवलं जाई. म्हणून १९४२ मध्ये पोलीस येऊन 'इथे कुणी लपलंय का' असं विचारू लागले, तेव्हा या घरांना तो प्रश्न नवा नव्हता. आजी-पणज्यांच्या गोष्टींतून तो त्यांनी अनेकदा ऐकला होता. मुलं हिरावून नेण्याची गोष्ट तर विशेषच खोल रुतलेली होती.

पठारावर आणखी एक मंडळी होती, डार्बीपंथी, प्रोटेस्टंटांमधलाच एक लहान पंथ. त्यांना पाद्री नाही, पद नाही, रोज बायबल वाचायचं आणि अक्षरशः मानायचं. जुना करार, म्हणजे बायबलचा ज्यूंच्या धर्मग्रंथांचा पहिला भाग, त्यांना तोंडपाठ, त्यामुळे ज्यू म्हणजे देवानं निवडलेली माणसं हे त्यांच्या मनात पक्कं. दारात ज्यू माणूस आला म्हणजे त्या ग्रंथातलंच कुणी आलं. ही माणसं मुळात अबोल. युद्धात काय केलं हे त्यांनी नंतरही फारसं सांगितलं नाही, आणि म्हणून मानपत्रांच्या यादीत त्यांची नावं त्यांच्या कामाच्या मानानं कमी दिसतात.

खोल्या, आगगाडी, शाळा

आता तो भाग, जो भाषणांत सहसा येत नाही आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

पठाराखाली, दोन-तीन तासांच्या अंतरावर सँतएत्येन हे खाणींचं आणि कारखान्यांचं शहर आहे. तिथले पाद्री लुई कोंत यांनी १८९३ मध्ये एक उपक्रम सुरू केला. खाणकामगारांची काजळीत वाढणारी, खुरटलेली मुलं उन्हाळ्यात पठारावरच्या शेतकरी घरांत राहायला पाठवायची. शेतकऱ्याला मुलामागे थोडे पैसे मिळायचे, मुलाला दूध, भाकरी आणि हवा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अरुंद मापाची आगगाडी घाट चढून पठारावर आली आणि हा ओघ वाढला. मुलांमागून शहरातली मध्यमवर्गीय कुटुंबं हवा पालटायला येऊ लागली. खानावळी निघाल्या, पाहुण्यांसाठी घरं बांधली गेली, मुलांची वसतिगृहं उभी राहिली.

याचा हिशेब असा लागतो. १९४१ मध्ये 'शहरातून आलेली अनोळखी मुलं घरात ठेवून घ्याल का' असं विचारलं गेलं, तेव्हा पठारावरच्या बाईला त्यात नवल काहीच नव्हतं. तिच्या सासूनंही तेच केलं होतं. जादा खाट होती, जादा ताट होतं. गावात अनोळखी चेहरे दिसले, वेगळ्या उच्चारात फ्रेंच बोलणारी पोरं दिसली, तर कुणी वळून पाहत नसे, कारण दर उन्हाळ्यात तेच दिसायचं. हिवाळ्यात रिकामी पडणारी खानावळींची घरं भाड्यानं मिळत होती. छावणीतून सुटलेलं मूल रेल्वे स्टेशनावर उतरवता येत होतं. स्पेनच्या यादवीतून पळालेली माणसंही १९३९ पर्यंत इथे येऊन राहून गेली होती. धैर्य लागलंच, पण धैर्याला बसायला पाट आधीच मांडलेला होता.

माणसं पाहू. शार्ल गियों हे गावचे माजी पाद्री, १९३१ पासून महापौर. तरुणांच्या आंतरराष्ट्रीय ख्रिस्ती संघटनेत जिनिव्हाला त्यांचं काम असे. जून १९४० मध्ये त्यांनी महापौरपद सोडलं आणि पुढे जिनिव्हाहून पैसा आणि संपर्क पुरवण्याचं काम केलं. अशा माणसाचं नाव सहसा पाटीवर येत नाही, पण इतक्या मुलांच्या रोजच्या भाकरीचा खर्च कुठून तरी यायला हवाच होता.

त्रोकमे १९३४ मध्ये गावात आले. जन्म १९०१ चा, उत्तरेतल्या सँ-काँतँचा, आई जर्मन. पहिल्या महायुद्धाचा विध्वंस त्यांनी पोरवयात घराच्या दारातून पाहिला होता आणि तेव्हापासून ते शस्त्राच्या विरोधात होते. त्यांचं चर्च अशा शांततावादी पाद्र्यांना मोठ्या शहरात नेमायला कचरत असे. हे आडगाव त्यांना मिळालं त्यामागे तेही एक कारण. पत्नी माग्दा इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या. १९३८ मध्ये त्रोकमे आणि त्यांचे स्नेही एदुआर तेइस यांनी गावात एक माध्यमिक शाळा काढली, एकोल नुव्हेल सेव्हनोल. सुरुवातीला विद्यार्थी मूठभर. युद्धकाळात नोकरीवरून काढलेले ज्यू प्राध्यापक इथे शिकवायला मिळाले आणि वर्ग भरत गेले. आलेल्या मुलाला गावात असण्यासाठी एक सहज सांगता येणारं कारण मिळालं: शाळेत शिकतो.

या शाळेतून बाहेर पडलेला एक मुलगा अलेक्झांडर ग्रोथेंडिक. जन्म बर्लिनचा, वडील ज्यू, ते पुढे ऑश्विट्झला मारले गेले. आईबरोबर हा छावणीत होता. ल शांबोंमध्ये तो 'ला गेस्पी' या स्विस मदतसंस्थेच्या घरात राहिला, छापा पडणार अशी कुणकुण लागली की इतर मुलांबरोबर रानात जाऊन लपला, आणि शाळेची शेवटची परीक्षा तिथूनच उत्तीर्ण झाला. विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या गणितज्ञांत आज त्याची गणना होते. १९६८ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भरलेल्या बैजिक भूमितीच्या परिषदेच्या ग्रंथात त्याचा एक लेख आहे, आणि त्या लेखातली अनुमानं गणिती अजून सोडवत आहेत.

कायद्याच्या आतली दोन वर्षं

२२ जून १९४० ला युद्धबंदीचा करार झाला. दुसऱ्या दिवशी रविवार होता. दारावर 'एकमेकांवर प्रेम करा' असं कोरलेल्या प्रार्थनाघरात त्रोकमे आणि तेइस यांचं निवेदन वाचलं गेलं. आपल्या सदसद्विवेकावर बळजबरी होईल तेव्हा आत्म्याच्या शस्त्रांनी प्रतिकार करणं हे ख्रिस्ती माणसाचं कर्तव्य आहे. सुवार्तेच्या विरुद्ध आज्ञा मिळेल तेव्हा आपण प्रतिकार करू, आणि तो न भिता, पण अहंकाराशिवाय आणि द्वेषाशिवाय करू, असा त्याचा आशय. त्या दिवशी गावात एकही निर्वासित ज्यू मूल छावणीतून आलेलं नव्हतं. भूमिका आधी ठरली, पाहुणे मागून आले.

प्रतिकाराचे पहिले प्रसंग लहान होते. शाळेत रोज झेंड्याला विशिष्ट सलामी द्यायची सक्ती झाली. ती हळूहळू कुणी पाळेनासं झालं. १९४१ च्या उन्हाळ्यात मार्शलच्या सन्मानार्थ देशभर चर्चच्या घंटा वाजवायचा हुकूम निघाला. ल शांबोंच्या प्रार्थनाघराची राखण करणाऱ्या बाईनं ती वाजवली नाही. घंटा देवाची आहे, मार्शलची नाही, असं तिचं म्हणणं. अशा बारीकसारीक नकारांना मी फार किंमत देतो. मोठा नकार द्यायची वेळ आली तेव्हा या गावाची जीभ आधीच सैल झालेली होती.

त्याच पहिल्या हिवाळ्यात एक जर्मन ज्यू बाई पाद्र्याच्या घराच्या दारात येऊन उभी राहिली. भिजलेली, थंडीनं कुडकुडणारी. आत येऊ का, असं तिनं विचारलं. 'अर्थातच. या, आत या,' माग्दा म्हणाल्या. जेवण दिलं, बाईचे जोडे वाळवायला चुलीपाशी ठेवले आणि कागदपत्रांची सोय होईल म्हणून भरवशानं गावच्या नव्या महापौरांकडे गेल्या. महापौरांनी साफ सांगितलं: उद्या सकाळपर्यंत हिला गावाबाहेर काढा, फ्रेंच ज्यूंनाही त्यामुळे धोका होईल. परत येऊन पाहतात तो जोडे चुलीत जळून गेलेले. माग्दांनी धावपळ करून दुसरे जोडे मिळवले आणि बाईला पुढच्या आसऱ्याला पाठवलं. या प्रसंगातून माग्दा एक धडा शिकल्या: इथून पुढे सरकारी दाराशी जायचं नाही.

तरीही १९४१ आणि १९४२ च्या मध्यापर्यंतचं बरंचसं काम उजेडात, कायद्याला धरूनच चाललं. ग्युर्स आणि रिव्हसाल्तच्या छावण्यांतून मुलं रीतसर परवाने घेऊन सोडवली जात. स्विस मदतसंस्थेनं आउगुस्ट बोनी या तरुण शिक्षकाच्या देखरेखीखाली 'ला गेस्पी', 'लाब्रिक', 'फाइदोली' ही घरं चालवली. क्वेकरांच्या पैशातून 'ले ग्रियों' निघालं. सिमाद या प्रोटेस्टंट संस्थेनं 'कोतो फ्लरी' हे घर मोठ्या माणसांसाठी घेतलं. विद्यार्थ्यांसाठी 'मेझों दे रोश'. प्रत्येक घराचा खर्च उचलणारी संस्था वेगळी, प्रत्येक घराचा प्रमुख वेगळा. नकळत यातून एक संरक्षण तयार झालं: एका घरावर संकट आलं तरी दुसऱ्याचा धागा सरकारच्या हाती लागत नसे.

त्रोकमे यांनी चर्चचं काम सोपं जावं म्हणून गाव आणि वाड्या १३ गटांत वाटले होते. दर गटाला एक म्होरक्या. पंधरवड्याला म्होरके पाद्र्याकडे येऊन बायबलचा एखादा उतारा चर्चेला घेत आणि आपापल्या गटात जाऊन तो पुढे नेत. हेच १३ धागे पुढे निरोप पोचवायला, कुणाच्या घरी जागा आहे ते कळायला कामी आले. एका म्होरक्याला दुसऱ्याच्या गटात कोण लपलंय हे माहीत नसे.

ऑगस्ट १९४२

१६ आणि १७ जुलै १९४२ ला पॅरिसमध्ये फ्रेंच पोलिसांनी १३,१५२ ज्यूंना धरलं आणि त्यांतल्या हजारोंना वेल दिव्ह या सायकल शर्यतींच्या बंदिस्त मैदानात कोंबलं. त्यांत चार हजारांहून अधिक मुलं होती. १० ऑगस्टला व्हिशी सरकारचे युवक खात्याचे प्रमुख झॉर्झ लामिरां ल शांबोंच्या भेटीला आले. जेवणावळ साधी ठेवली होती, स्वागत थंड. थोरल्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या हाती एक पत्र दिलं. पॅरिसमध्ये काय झालं ते आम्हांला कळलं आहे. आमच्यात ज्यू विद्यार्थी आहेत. आम्ही ज्यू आणि बिगर-ज्यू असा भेद करत नाही. त्यांना न्यायला कुणी आलं तर आम्ही त्यांना लपवू, असा त्याचा मतलब. प्रिफेक्ट रोबेर बाक संतापले आणि त्रोकमे यांना दटावू लागले. त्रोकमे यांनी आपल्या आठवणींत स्वतःचं उत्तर दिलं आहे: ज्यू म्हणजे काय हे आम्हांला ठाऊक नाही, आम्हांला माणसं तेवढी ठाऊक आहेत.

या पत्राबद्दल मी बराच विचार केला आहे. लपवायचं असेल तर गप्प राहावं, असं व्यवहार सांगतो. इथे तरुण पोरं सरकारी पाहुण्याच्या तोंडावर सांगतात की आम्ही लपवणार आहोत. ते धोक्याचं होतं यात शंका नाही. पण त्या पत्रानं गावातल्या प्रत्येकाला आपण कुठल्या बाजूला आहोत हे एकदाचं कळलं, आणि काठावर बसलेल्यांना तिथून उठून मधे पडणं सोपं गेलं.

पंधरा दिवसांत पोलीस बसगाड्या घेऊन आले. ज्यूंची यादी द्या, अशी मागणी झाली. आपल्याकडे यादी नाही आणि असती तरी दिली नसती, असं त्रोकमे यांनी सांगितलं. स्विस घरावर पोलीस आले तेव्हा बोनींनी, हे घर स्वित्झर्लंडच्या संरक्षणाखाली आहे असं म्हणत त्यांना वरिष्ठांकडे विचारणा करायला परत पाठवलं. पोलीस पुन्हा येईपर्यंत मुलं रानात आणि वाड्यांवर पसरली होती. शोध काही आठवडे चालला. बसगाड्या जवळजवळ रिकाम्याच परत गेल्या.

यानंतर उजेडातलं काम संपलं. ११ नोव्हेंबर १९४२ ला जर्मन सैन्य दक्षिणेतही घुसलं. ल शांबोंच्याच एका हॉटेलात आजारातून उठणारे जर्मन सैनिक विश्रांतीसाठी आणून ठेवले गेले. ज्यू मुलांचं एक घर त्याच्या शेजारीच होतं. रस्त्यात दोघं समोरासमोर येत.

वाड्यांवर

मोठ्या घरांतून माणसं आता शेतांवर पांगवली गेली. इथे भूगोल मदतीला आला. घाटातून येणारी मोटार लांबून ऐकू येते, बर्फात तर ती येतच नाही. पाद्र्याच्या घरी निनावी फोन येत, छापा पडणार असं सांगणारे. बालवीर पोरं सायकलवरून वाड्यांना खबर देत. पत्रांत माणसांना 'जुने करार' म्हणत: तीन जुने करार पाठवतो आहे, म्हणजे तिघं येत आहेत. स्थानिक पोलिसांतही काही जण असे होते की झडतीआधी गावात वेळ काढत, मोठ्यानं बोलत, म्हणजे ज्याला कळायचं त्याला कळावं.

कागदपत्रांचा कारखाना चालवला तो ऑस्कार रोसोव्स्की या अठरा-एकोणीस वर्षांच्या ज्यू पोरानं. डॉक्टर व्हायचं होतं, ज्यू म्हणून कॉलेजात प्रवेश नाही. नीसला तो टंकलेखन यंत्रं दुरुस्त करायचा, त्यामुळे शिक्के, शाई आणि सरकारी कागदांची ओळख त्याला तिथेच झाली. पठारावरच्या एका शेतावर राहून त्यानं ओळखपत्रं, शिधापत्रिका, जन्मदाखले हजारोंनी तयार केले. माल लपवायला मधमाश्यांच्या पेट्या होत्या. युद्धानंतर तो डॉक्टर झाला. खोटं बोलू नये ही शिकवण ज्या घरांत हाडीमासी मुरली होती, त्याच घरांतून हे खोटे दाखले बाहेर पडत होते, आणि त्याचा त्रास होणारी माणसं होती. त्रोकमे यांना स्वतःला हा प्रश्न शेवटपर्यंत छळत राहिला. प्राण वाचवणारं असत्य त्यांनी इतरांसाठी स्वीकारलं. स्वतःच्या तोंडून ते बोलणं त्यांना जड जाई.

ज्यांना फ्रान्समध्ये ठेवणं अशक्य झालं, त्यांना स्वित्झर्लंडला पोचवायचं. हे काम सिमादनं केलं, मादलेन बारो यांच्या नेतृत्वाखाली. पठारावरून मिरेय फिलिप यांनी ते उभं केलं. आनसी, मग सरहद्दीलगतची गावं, तिथले पाद्री आणि कॅथलिक धर्मगुरू, मग सरहद्दीच्या काटेरी तारेखालून. स्विस पोलीस अनेकांना परत ढकलत असत, म्हणून परत पाठवू नये अशा व्यक्तींच्या याद्या आधी वाटाघाटी करून तिकडे मान्य करून घेतल्या जात. तारेपलीकडच्या कार्यालयातली ही चिकाटी नसती तर तारेखालून जाण्याच्या धाडसाचा उपयोग झाला नसता.

जिथे हात पोचला नाही

१३ फेब्रुवारी १९४३ ला त्रोकमे, तेइस आणि मुलांच्या सरकारी शाळेचे मुख्याध्यापक रोजे दार्सिसाक यांना अटक झाली. लिमोझजवळच्या सँ-पोल-देझोच्या छावणीत त्यांना ठेवलं. महिन्याभरानं सुटकेचा हुकूम आला, मार्शलच्या आज्ञा पाळण्याच्या प्रतिज्ञेवर सही करा या अटीवर. दार्सिसाक सरकारी नोकर, त्यांनी सही केली. दोन्ही पाद्र्यांनी नाकारली. दुसऱ्या दिवशी त्यांनाही सोडलं गेलं. त्या उन्हाळ्यात दोघं भूमिगत झाले. काम थांबलं नाही, आणि म्हणूनच हे सगळं एका पाद्र्याच्या तेजावर उभं होतं असं मला वाटत नाही.

२९ जून १९४३ ला सकाळी गेस्टापोनं, म्हणजे जर्मन गुप्त पोलिसांनी, 'मेझों दे रोश' वेढलं. हे घर तरुण परदेशी विद्यार्थ्यांचं; बरेचसे छावणीतून रीतसर सुटलेले, म्हणजे सरकारदरबारी नावनिशी नोंदलेले. सगळे एका छपराखाली, गावापासून बाजूला. पठारानं जी विखुरण्याची रीत अंगीकारली होती तिच्या हे घर बाहेर राहिलं होतं, आणि घाव तिथेच बसला. घराचे संचालक दानिएल त्रोकमे, आंद्रे यांचे नात्यातले, वय ३१. ते त्या वेळी 'ले ग्रियों'मध्ये होते. निसटायला वेळ होता. ते विद्यार्थ्यांकडे गेले. त्यांच्यासह दीड डझन मुलं नेली गेली. ज्यू विद्यार्थ्यांतले काही ऑश्विट्झला मेले. दानिएल एप्रिल १९४४ मध्ये मायदानेकच्या छावणीत मेले.

त्या सकाळी माग्दा त्रोकमे स्वयंपाकघरातली बाई असल्यासारख्या त्या घरात शिरल्या. मुलांनी घाईघाईत त्यांच्याकडे निरोप दिले, आईबापांचे पत्ते दिले. एका स्पॅनिश विद्यार्थ्यानं काही दिवसांपूर्वी लिन्यों नदीत बुडणाऱ्या जर्मन सैनिकाला वाचवलं होतं. हे आठवताच माग्दा थेट जर्मन सैनिकांच्या हॉटेलात गेल्या, तिथल्या अधिकाऱ्यांना साक्ष द्यायला भाग पाडलं आणि तो एक मुलगा सोडवून आणला.

डॉक्टर रोजे ल फोरेस्तिए यांची कथा फार जीवघेणी आहे. आफ्रिकेत लांबारेनेला अल्बर्ट श्वाइट्झर यांच्या दवाखान्यात काम करून ते या गावात आले होते आणि पठारभर आजाऱ्यांना, लपलेल्यांना तपासत फिरत. ऑगस्ट १९४४ मध्ये, मुक्ती तोंडावर आलेली असताना, ल प्युईला अटकेतल्या दोन क्रांतिकारकांची सुटका करायला गेले आणि स्वतः पकडले गेले. २० ऑगस्टला ल्योंजवळ सँ-झनी-लाव्हालला इतर शंभरावर कैद्यांसह त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. सप्टेंबरच्या सुरुवातीला पठार मुक्त झालं.

आणि सगळं पठार अहिंसक नव्हतं. फेब्रुवारी १९४३ पासून फ्रेंच तरुणांना जर्मनीत सक्तीच्या मजुरीला पाठवू लागले तेव्हा पळालेली पोरं रानात जमली, सशस्त्र गट उभे राहिले, विमानांतून शस्त्रं उतरली. गावावर नजर ठेवायला नेमलेल्या प्राली नावाच्या पोलीस निरीक्षकाला ऑगस्ट १९४३ मध्ये गोळी घातली गेली. त्रोकमे यांना हे मान्य नव्हतं, पण त्यांच्याच मंडळीतले तरुण त्या गटांत होते. दोन्ही वाटांची माणसं एकमेकांना धरून देत नव्हती, एवढं पुरेसं ठरलं.

किती माणसं?

पाच हजार हा आकडा सगळीकडे दिसतो. रोसोव्स्की यांनी आपल्या बनावट कागदांवरून केलेल्या अंदाजात ५,००० निर्वासित होते, त्यांतले ३,५०० ज्यू. काही इतिहासकार हा आकडा बराच खाली आणतात, आणि एका वेळी गावात किती होते व चार वर्षांत एकूण किती येऊन गेले या दोन वेगळ्या गोष्टी आहेत याकडे बोट दाखवतात. या वादात मी आकड्यापेक्षा पद्धतीकडे पाहतो. ज्या कामात यादी करणं म्हणजे माणूस मारणं, त्यात यादी राहणार कशी?

१९७९ मध्ये वाचलेल्या माणसांनी एकत्र येऊन प्रार्थनाघरासमोर एक पाटी लावली. १९९० मध्ये ज्यूंच्या संहाराची स्मृती जपणाऱ्या इस्रायलच्या याद वाशेम संस्थेनं व्यक्तींच्या पलीकडे जाऊन ल शांबों आणि शेजारच्या गावांना मिळून मानपत्र दिलं. शेजारच्या गावांचा हा उल्लेख महत्त्वाचा आहे. ल माझे, ताँस, सँतआग्रेव, फे या गावांतल्या माणसांना, कॅथलिकांना, डार्बीपंथीयांना एकट्या ल शांबोंच्या नावाखाली झाकलं गेल्याची बोच राहिली आहे, आणि ती रास्त आहे. ८ जुलै २००४ ला राष्ट्राध्यक्ष झाक शिराक यांनी गावात येऊन वंशद्वेषाविरुद्ध भाषण केलं. २०१३ मध्ये स्मृतिस्थळ उघडलं. युद्धात वाढलेली ती शाळा मात्र २०१४ मध्ये बंद पडली. गावाला ते लागलं.

डिसेंबर २०२० मध्ये एरिक श्वाम नावाचे एक वृद्ध नव्वदाव्या वर्षी वारले. व्हिएन्नात जन्मलेले ज्यू, १९४३ मध्ये कुटुंबासह ल शांबोंला आलेले, पुढे ल्योंला औषधशास्त्र शिकून तिथेच स्थायिक झालेले. त्यांना मूलबाळ नव्हतं. मृत्युपत्रात त्यांनी सुमारे वीस लाख युरो गावाच्या नावे ठेवले होते, शिक्षण आणि तरुणांच्या उपक्रमांसाठी वापरावेत या इच्छेनं. इतकी मोठी रक्कम ठेवणारा हा माणूस नक्की कोण, युद्धात कुठल्या घरात होता, हे कळण्यासाठी गावाच्या कचेरीला शोधाशोध करावी लागली.